घरचा विषय

(भोसरीतल्या एका चर्चच्या माडीवरची खोली. पंचकमिटीची बैठक सुरू आहे. साहेबराव, पाळकसाहेब आणि नवी पंच वर्षाली बोलत आहेत; बाकीचे चार पंच समोर बसले आहेत.)

साहेबराव : पेढे झकास हायेत, ताई. कुठले?

वर्षाली : डांगे चौकातले. जयदीपने आणले. बायको पंच झाली म्हणून कालपासून अख्ख्या कंपनीत सांगत सुटलाय.

पाळकसाहेब : त्यांना आनंद झाला हे चांगलंच आहे. बाप्तिस्मा घ्यायचं मात्र अजून मनावर घेत नाहीत.

वर्षाली : तो हिंदूच राहणार, साहेब. मला दर रविवारी चर्चच्या दारात सोडतो, तेवढं मला पुरे आहे.

साहेबराव : बरं, राहिलेला सहावा नियम वाचा. नव्या पंचानं पहिल्या बैठकीला नियम मोठ्यानं वाचायचे, ही आपली जुनी पद्धत. मी पंच होतो तवा मीबी वाचले होते, घसा कोरडा पडला होता.

वर्षाली : "पंचाच्या घरचा विषय निघाल्यास त्या पंचाने बाहेर बसावे. त्याने मत देऊ नये आणि घरचे माणूस म्हणून हरकतही घेऊ नये." हा बेस्ट आहे. आमच्या चाकणच्या प्लांटला असा नियम असता, तर साहेबांचे निम्मे भाचे कामाला लागले नसते.

साहेबराव : मान्य हाय ना तुमाला?

वर्षाली : एकदम मान्य.

साहेबराव : सगळ्यांनी ऐकलं. मग पहिला विषय, आमच्या आईची माती.

वर्षाली : साहेबराव, मला खरंच वाईट वाटलं. मंजुळाआजी गेल्याचं सकाळी कळलं तेव्हा मी प्लांटला लाइनवर होते. मला वाटलं, आज बैठक रद्दच होईल.

साहेबराव : बैठक आईसाठीच ठेवली. माती उद्या सकाळी, धाकटा भाऊ रात्री पोचतोय. अडचण जागेची हाय. आपलं कब्रस्तान केवढं, तुमाला ठावं. पलीकडं मिलिटरीची भिंत, अलीकडं रस्ता.

वर्षाली : भिंतीच्या कडेला दोन जागा आहेत की. नाताळच्या साफसफाईला मीच गवत काढलं होतं तिथलं.

साहेबराव : तिथं गटार फुटतं पावसाळ्यात. आईला गटारात ठेवू का? तिला आमच्या बापाशेजारी जायचंय.

वर्षाली : रंगरावबाबांच्या शेजारी?

साहेबराव : व्हय.

वर्षाली : त्यांच्या एका बाजूला पायवाट आहे. दुसऱ्या बाजूला माझं बाळ आहे.

साहेबराव : व्हय.

वर्षाली : मग?

पाळकसाहेब : वर्षालीताई, शांतपणे ऐका. बाळाची कबर कच्ची आहे आणि सात वर्षं झालीत. जागा पुरत नाही, म्हणून जुन्या कच्च्या कबरी उघडाव्या लागतात. सगळीकडेच असं करतात. शरीर मातीचं असतं, बाळ तर प्रभूजवळ आहे.

वर्षाली : आणि घरच्यांनी हरकत घेतली तर कबरीला हात लावायचा नाही, हेही सगळीकडे आहे. माझी हरकत आहे.

साहेबराव : तुमी पंच हाय, ताई.

वर्षाली : मी त्याची आई आहे.

साहेबराव : आत्ताच तर वाचलंत. मान्यबी केलंत.

वर्षाली : मग जयदीप हरकत घेईल. बाप आहे तो.

पाळकसाहेब : चर्चच्या मंडळीच्या सभासदालाच हरकत घेता येते. ते सभासद नाहीत.

वर्षाली : एक मिनिट. माझं नाव पंच म्हणून कुणी सुचवलं होतं?

पाळकसाहेब : साहेबरावांनी. मीच अनुमोदन दिलं.

वर्षाली : आजी अंथरुणाला खिळल्या त्यानंतर ना? "मंडळीत पहिल्यांदा बाई पंच होणार, तुमच्यासारखी शिकलेली पाहिजे," असं म्हणाला होतात तुम्ही. मी आनंदाने रडले होते, साहेब. माहेरी फोन करून सांगितलं. नवी साडी घेतली या बैठकीसाठी.

साहेबराव : तुमी लायक हायच. त्यात काय खोटं न्हाई.

वर्षाली : हे चौघं का गप्प आहेत? तुमच्या सगळ्यांच्या घरी माझं येणंजाणं आहे. कुणीतरी बोला ना.

पाळकसाहेब : त्यांना पेचात टाकू नका. त्यांचं बोलणं आमच्याशी आधीच झालंय.

वर्षाली : मग मला नकोच हे पंचपद. मी आत्ताच राजीनामा देते.

साहेबराव : द्या की. पुढच्या बैठकीला मंजूर करू. तवर तुमी पंचच.

वर्षाली : आणि तुम्ही? आई तुमची गेली. विषय तुमच्याही घरचा आहे. चला, दोघंही बाहेर बसू.

साहेबराव : मी आता सचिव, पंच न्हाई. सचिवाला मत नसतं, अन् बैठकीचं लिहायला कुणीतरी आत लागतंच. हे आमी तुमच्याआधी बघून घेतलं, ताई.

वर्षाली : साहेबराव, ती जागा आजींनीच दिली होती. तुम्ही तेव्हाही नको म्हणत होता, बाळाचा बाप हिंदू आहे म्हणून. आजींनी मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्या मालकाजवळ निजू दे लेकराला, त्यांना सोबत होईल." तुम्ही तिथे उभे होतात.

साहेबराव : होतो ना. तवा ती हिंडतीफिरती होती, मरणाचा विचार कशाला करती? गेल्या महिन्यात माझा हात धरून म्हनली, मला तुझ्या बापाजवळ ठेव. मी हो म्हनलो. आता मागं फिरू का?

वर्षाली : त्यासाठी बाळाला काढावं लागेल, हे सांगितलंत त्यांना?

साहेबराव : न्हाई.

वर्षाली : का?

साहेबराव : सांगितलं असतं तर ती नको म्हनली असती.

वर्षाली : देवा.

पाळकसाहेब : आपण बाळाला टाकून देत नाही आहोत. भिंतीकडच्या जागेत नीट ठेवू. वर एक क्रूस लावू.

वर्षाली : तुमच्या आईला जिथे ठेववत नाही, तिथे माझं बाळ.

साहेबराव : लहान हाय ते. त्याला कितीशी जागा लागती?

वर्षाली : मी उद्या पहाटेच जाऊन बसते तिथे. बघते कोण कुदळ लावतं ते.

साहेबराव : जाऊ नका. खड्डा दुपारीच झाला.

वर्षाली : कसला खड्डा?

साहेबराव : आईचा. माणसं उद्या मिळाली नसती, म्हणून दुपारीच उरकून घेतलं.

वर्षाली : साहेब, हा काय म्हणतोय? मी दुपारी कंपनीतून सुटून पेढ्यांची वाट बघत बसले होते. तेव्हा तुम्ही... बाळ कुठे आहे?

पाळकसाहेब : खाली, खुर्च्या ठेवतो त्या खोलीत. पांढऱ्या कापडात गुंडाळलंय. मी स्वतः उभा होतो, कसलीही विटंबना झालेली नाही.

वर्षाली : मग मला विचारलंत कशाला? ही बैठक कशासाठी घेतली?

साहेबराव : विचारत न्हाई, ताई. विषय तुमच्या घरचा हाय, म्हणून बाहेर बसायला सांगतोय. मागनं कुणी म्हनायला नको, नियम मोडला.

वर्षाली : मला बाळाला एकदा बघू द्या.

पाळकसाहेब : नका बघू. त्रास होईल. उद्या आजींच्या मातीनंतर लगेच बाळासाठीही दोन शब्द प्रार्थना करतो, तेव्हा या. नाव काय ठेवलं होतं त्याचं? प्रार्थनेत घेतो.

वर्षाली : तुम्ही विचारताय मला?

पाळकसाहेब : बरीच वर्षं झाली. लक्षात राहत नाही.

वर्षाली : नाव नाही ठेवलं, ते बाप्तिस्म्याला ठेवायचं होतं. बाळ काचेच्या पेटीत होतं तेव्हा मी पोटावरचे टाके घेऊन तुमच्या दारात आले होते, दवाखान्यात चला, आजच बाप्तिस्मा द्या म्हणून. बाप हिंदू आहे, पंचांना विचारून पुढच्या रविवारी बघू, असं म्हणालात तुम्ही. रविवारपर्यंत ते राहिलं नाही.

साहेबराव : मग नुसतं बाळ म्हना, साहेब. ताई, जाताना दार लोटून घ्या.