थंडीत अडलेली गाडी

मागच्या हिवाळ्यात आमच्या जुन्या गाडीनं लई छळलं बघा. सकाळच्या थंडीत चावी फिरवली की नुसतं टकटक, ऊन चढल्यावर मात्र सुरू. नवी बॅटरी बसवली, तरी तेच.

त्यात बायकोची नोकरीची मुलाखत, सकाळचीच, आमच्या खुलताबादहून शहरात जायचं.

"दुसरी गाडी बघतो," मी म्हटलं.

"थांबा. बॅटरी नवी हाय ना, मग वायर बघू."

तिनं बॉनेट उघडलं. बॅटरीपासून पत्र्याला जोडलेली वायर गंजून हिरवी झाली होती. कुडकुडत तिनं ती सोडवली, पॉलिश पेपरनं घासली, घट्ट आवळली. चावी फिरवताच गाडी सुरू!

शहरात पोचल्यावर मी विचारलं, "आता बंद करू?"

"नोकरी घेऊन येईपर्यंत चावीला हात लावायचा नाय!"

मी इंजिन चालू ठेवून बसलो. ती नोकरी घेऊनच आली.