डेसच्या डब्यातला लाल दोरा

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या नगराध्यक्षा माननीय ग्वेंडा पर्सेल, व्यासपीठावर बसलेले फादर डोनेली, सांडपाणी विभागाचे साहेब, आपली गटारं आणि पंप सांभाळून निवृत्त होणारा आपला डेस, म्हणजे आजचे सत्कारमूर्ती डेस्मंड प्रॅटली, आणि टारलिंगा खाडीच्या दोन्ही काठांवरून रविवारची झोप मोडून आलेल्या मित्रमैत्रिणींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. चाळीस वर्षं गृहशास्त्राचा वर्ग घेतलेल्या बाईला पाच मिनिटं कुणी देऊ नयेत, ती पंधरा घेते. शिवाय आज तुम्हाला मधूनच उठता येणार नाही. जेवणानंतरचा गोड पाव्हलोव्हा केक स्वयंपाकघरात आहे, आणि स्वयंपाकघराची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे.

हसू नका. मी गंमत करत नाहीये.

तासाभरापूर्वी आपण एकशे चाळीस जणांनी भाजलेलं कोकराचं मांस खाल्लं. चांगलं झालं होतं. त्यानंतर मी आत गेले तर माझी जुनी विद्यार्थिनी नोएलीन स्कोफील्ड चरबीने भरलेला ट्रे सिंकवर कलता करून उभी. शेजारी गॅसवर किटली शिट्टी वाजवतेय. म्हटलं, "नोएलीन, काय चाललंय?"

ती म्हणाली, "भांडी उरकतेय, मिस. काळजी करू नका, वरून उकळतं पाणी सोडणार आहे. तुम्हीच नाही का शिकवलंत?"

मी ट्रे तिच्या हातातून घेतला, गॅस बंद केला, सगळ्यांना बाहेर काढलं आणि कुलूप लावलं. तसले सहा ट्रे अजून आत टेबलावर आहेत.

नोएलीन, मान खाली घालू नकोस. तू खरं तेच बोललीस. मीच शिकवलं. मला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर पर्पेचुआंनी शिकवलं होतं: चरबी ओता, वर मूठभर सोडा टाका, त्यावर उकळती किटली रिकामी करा. सिंक कसं आरशासारखं लख्ख होतं. सिस्टर फार थोर बाई होत्या. पण सिंकच्या खाली काय होतं, हे त्यांनी कधी वाकून पाहिलं नव्हतं. मीही नाही पाहिलं.

ते पाहिलं डेसने. या हॉलची नळी कुठे जाते, कुणाला ठाऊक आहे? ती खाडीच्या तळाखालून पलीकडच्या पंपाकडे जाते. वर थंडगार पाणी. आपली किटली चरबीला बरोबर तिथपर्यंत पोचवते, आणि तिथे ती मेणबत्तीसारखी गोठते. सिंकमध्ये तुंबली असती तर परवडलं असतं. निदान आपलं आपल्याला दिसलं असतं.

आता सहा वर्षांपूर्वीचं. ईस्टरचं जेवण याच हॉलमध्ये झालं. दुसऱ्या दिवशी नळी तुंबली, मागे साचलेल्या मैल्याने धक्क्याजवळचं गटाराचं झाकण उचललं आणि तो खाडीत उतरला. कालवं काढायला बंदी झाली. सात आठवडे. लॉयड टकवेल, तू तिसऱ्या रांगेत बसला आहेस. तुझ्या कालवं वाढवायच्या फळ्यांवर त्या वर्षी भरलेली, विकायजोगी कालवं होती, आणि तुला ती नुसती बघत बसावी लागली. तुझा मुलगा ग्रँट खाणीवर कामाला गेला, तो परत आला नाही. हे मी विसरलेले नाही.

पंप बंद पडला असं सगळ्यांनी धरून चाललं, आणि याच हॉलमध्ये सभा झाली. लॉयड, तू उभा राहून डेसला म्हणालास, "दोस्ता, एक पंप सांभाळायचा होता तुला. तेवढ्यातही झोपलास?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डेस हातातली टोपी फिरवत म्हणाला, "शुक्रवारी तपासला होता. तेव्हा ठीक चालत होता." पुढे कुणी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. मी पहिल्या रांगेत होते. टाळ्या मी वाजवल्या नाहीत. एवढ्यावर मी स्वतःला सभ्य समजत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेस माझ्या मागच्या दारी आला. हातात आइस्क्रीमचा जुना डबा.

"मोइरा, हे बघ जरा."

"डेस्मंड, माझ्या पायरीवर घाण कशाला आणलीस?"

"ओळखतेस का, ते सांग."

डब्यात राखाडी गोळा होता, साबणाच्या वडीसारखा टणक. त्यात रोजमेरीच्या काड्या अडकल्या होत्या आणि मांसाला गुंडाळतात तसला लाल दोरा. आपल्या गावात सगळे पांढरा दोरा वापरतात. लाल कोण वापरतं, ते इथे बसलेल्या प्रत्येक बाईला माहीत आहे.

मी म्हटलं, "कुणाचाही असेल."

"तुझा आहे."

"मग काल सभेत का नाही बोललास?"

तो म्हणाला, "बोललो असतो तर या हॉलमध्ये परत कुणी चूल पेटवली नसती. ईस्टरला एकटीदुकटी म्हातारी माणसं कुठे जेवली असती? तू सांग, तुला जमेल तेव्हा. तोवर डब्यात ओत म्हणजे झालं."

मला कधी जमलं, ते तुम्ही पाहताच आहात. सहा वर्षं. त्या दिवसापासून मी चरबी डब्यात ओतली, गोठली की कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकली. पण का, हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. म्हणून आज नोएलीनने किटली चढवली होती.

मघाशी वाचलेल्या मानपत्रात "एक दुर्दैवी प्रसंग" असे शब्द आहेत. ग्वेंडाबाई, ते खोडा. दैवाचा काही संबंध नाही. तो प्रसंग मी घडवला.

मात्र माझ्याकडे असं टक लावून बघण्याआधी आपापल्या घरचं आठवा. बत्तीस वर्षांत या माणसाने तुमच्या नळ्यांतून काय काय उपसलं? बाळांचे लंगोट, पुसायचे ओले कागद, बटाटे तळलेलं तेल. एकदा दातांची कवळी. ती मागायला मात्र मालक धावत आले होते. मी नाव घेत नाही, तोंड मिटून घेऊ नका, त्यानेच ओळखू येतं. डेस गाडीतून जाताना तुम्ही मोटारीच्या काचा वर करत होता. वास त्याचा होता का? तुमचा होता, तो वाहून नेत होता.

गुरुवारी डेस मुलीकडे डबो गावी राहायला जातोय. आपण त्याला घड्याळ दिलं. सुंदर आहे. पण सहा वर्षांचा ठपका सोबत बांधून दिला, तर ते घड्याळ काय कामाचं?

आता आवरते. अध्यक्षांचे आभार, त्यांनी दोनदा घंटीकडे हात नेला आणि दोनदा मागे घेतला. फादरांचे आभार, हा कबुलीजबाब चर्चमध्ये तुमच्या जाळीमागे यायला हवा होता, पण ज्यांना ऐकायला हवा ते इथे बसले आहेत. सांडपाणी विभागाच्या साहेबांचे आभार, परत जाऊन डेसवर ठपका ठेवणाऱ्या त्या जुन्या चौकशीच्या कागदावर माझं नाव घालाल म्हणून. मोइरा डगन, लिहायला दोनच शब्द. भाषणात कमीजास्त बोलले असेन तर माफ करा. सहा वर्षांचं मात्र माफ करू नका, ते लक्षात ठेवा.

ही किल्ली. मी ती डेसला देणार नाही. लॉयड, इकडे ये आणि तूच त्याला नेऊन दे, मग दोघं मिळून ते ट्रे डब्यात ओता. काय बोलायचं ते तुझं तू बघ. मी इथेच उभी आहे, मला घाई नाही.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. लॉयडच उठलाय. त्याला वाट द्या.

नोएलीन, तू बस खाली. किटली आज लागणार नाही.