घारीच्या टोकाखालची सोबत

ऐका. आणि तो मोबाईलचा उजेड आधी बंद करा. या गोष्टीतलं काही फोटोत यायचं नाही.

उद्या तुम्ही सगळे घारीच्या टोकाला फिरायला जाणार म्हणे. जा की! वरून सड्याने, म्हणजे पठारावरून जा. वर नुसता काळा कातळ आहे, वारा खा, खाली समुद्र बघा, पोट भरून फोटो काढा. पण मघाशी या चष्मेवाल्याने विचारलं, "आजोबा, कड्याच्या खालून पण वाट आहे ना?" तुला कोणी सांगितली रे ती वाट? बंदरावर एक माणूस भेटला म्हणतोस. कसा होता दिसायला? आठवत नाही? हं. आठवायचा नाहीच.

वाट आहे. खोटं कशाला बोलू? हे टोक समुद्रात घुसलंय. अलीकडे आपली वाडी, पलीकडे बंदर. वरून सड्याने आलं तर दोन तास, खालून कड्याच्या पायथ्याने पाऊण तास. पण खालची वाट आपली नव्हे, समुद्राची. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, तो ती उघडी ठेवतो आणि भरतीला गिळून टाकतो. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला पाणी, मध्ये कालवांनी भरलेले खडक. कालवं म्हणजे शिंपल्या हो, दगडाला घट्ट चिकटलेल्या. त्यांची धार अशी, की अनवाणी पाय पडला तर तळवा सोलून निघतो. हे नीट ध्यानात ठेवा.

तर आमचा गुणाजीकाका. महासंशयी माणूस! बायकोने चहा दिला तरी आधी वास घेणार, मग पिणार. दीड वर्ष घाटावर साखर कारखान्यात कामाला होता, गावाकडे फिरकला नव्हता. तिकडे निरोप गेला, आई जात्येय. त्याची आई म्हणजे माझी आजी. तीन दिवस पोटात अन्नाचा कण नव्हता. एकच धोशा लावला होता तिने. "गुणाजीच्या हातचं पाणी पिईन, मग जाईन." दुसऱ्या कोणी चमचा पुढे केला की तोंड मिटायची.

काका निघाला. बंदरात पोचला तेव्हा रात्रीचे दहा. वद्य षष्ठी, चंद्राचा पत्ता नाही. पाणी फिरणार, भरती लागणार अकराला, हे त्याला घाटावर राहूनसुद्धा पाठ होतं. पाऊण तासाची वाट, आरामात पोचतो म्हणाला. एकाकडून कंदील मागून घेतला आणि उतरला खाली. वरून जा म्हणून सांगणारे भेटले की! पण आईचा जीव टांगलेला, दोन तास कोण घालवतो?

शंभर पावलं चालला असेल. मागून हाक.

"अहो कंदीलवाले! जरा दमाने. मलाही वाडीलाच जायचंय."

काका थांबला. काकाने आधी काय केलं सांगा? कंदील खाली धरून पाय बघितले. संशयी ना! पावलं पुढे होती, सरळ, चांगली माणसासारखी. चेहरा साधा, बोलणं गोड. धोतर तेवढं ओलं, गुडघ्यापर्यंत. खडकातून आलाय, असेल ओलं. काकाने विचारलं, "कुठले तुम्ही?"

"वरच्या वाडीतला. तुमच्या वडलांच्या होडीवर होतो की मी! तुम्ही लहान होतात."

काकाला बरं वाटलं. बरं वाटलं, इथेच चुकला.

सोबत्याने विडी मागितली. काकाने दिली. काडी ओढली, विझली. दुसरी ओढली, विझली. वारा नाही हो! झाडाचं पान हलत नव्हतं. सहा काड्या गेल्या. विडी काही पेटेना, ओल धरलेली. मग सोबत्याच्या पायात काटा रुतला. खडकात काटा? पण बसला खाली, शोधत बसला. मग म्हणाला, इकडून नको, तिकडून सोपं पडेल. वळसा घातला आणि परत त्याच खडकापाशी! काकाच्या मनात पाल चुकचुकली. म्हणाला, "वेळ बराच गेला. पाणी फिरलं वाटतं."

"छे हो! सुकतीच आहे अजून."

नुसत्या बोलण्याने काकाचं समाधान व्हायचं नाही. त्याने एक पांढरा गोटा उचलला आणि पाण्याच्या अगदी कडेला ठेवला. ही आमच्याकडची जुनी पद्धत. थोडं थांबायचं. गोटा भिजला तर भरती, पाणी त्याच्यापासून मागे सरलं तर सुकती. काका कड्याकडे तोंड करून लघवीला गेला. परत येऊन बघतो तर पाणी गोट्यापासून हातभर खाली! सुकतीच. काकाचा जीव भांड्यात पडला. आता मला सांगा, तो वळला होता तेव्हा गोट्यापाशी कोण होतं? समजलं ना? गोटा उचलून वर ठेवला असेल तर? संशयी माणसाने सगळ्यावर संशय घेतला, फक्त ज्याच्यावर घ्यायचा त्याच्यावर नाही.

चष्मेवाल्या, तुला भेटलेल्याचे कपडे सुके होते की ओले? जाऊ दे. ऐक.

पुढे गेले तर वरच्या अंगाने, कड्याच्या कपारीतून, बाईचा आवाज. कसला आवाज! फुटक्या भोंग्यासारखा. "ए मुडद्या! वर ये! भरती लागलीय! खाली कुठे मरायला चाललास?"

काकाने मान वर केली. हातात मशाल, केस पिंजारलेले, लुगडं गुडघ्यावर खोचलेलं. मंजुळाबाय! नाव मंजुळा आणि तोंड असं. एकटी राहायची टोकाच्या अंगाला, रात्री सुकतीला कालवं काढायची. काका तिला ओळखत होता. पण सोबत्याने हळूच त्याचा दंड धरला. हात गार. म्हणाला, "बघू नका तिकडे. मंजुळा गेल्या शिमग्यात बुडाली. या खडकावरच. तुम्हाला ठाऊक नाही?"

ठाऊक कसं असणार? दीड वर्ष काका घाटावर! खरं की खोटं विचारायला तिथे तिसरं माणूस नव्हतं. ती खाली उतरायला लागली, हात पुढे करून ओरडत. "माझा हात धर, मेल्या, हात धर!" आणि काकाने काय केलं? दगड उचलला आणि मारला तिच्या कपाळावर!

"आई गं!" ओरडली ती. आणि मग शिव्या. अशा शिव्या, की तुमच्या या ताईंसमोर मला सांगता यायच्या नाहीत.

काका थबकला. भुताला दगड लागतो? भूत आई गं म्हणतं? भुताच्या कपाळातून रक्त येतं? मशालीच्या उजेडात लाल ओघळ दिसत होता चांगला. काकाच्या पायात वहाणा होत्या, तरी कालवांनी टाचा फाटल्या होत्या, झोंबत होत्या. त्याने हळूच कंदील खाली नेला. सोबत्याच्या पायांवर.

अनवाणी! मघाशी काकाने पावलांची दिशा तेवढी बघितली होती. सबंध वाट तो कालवांवरून अनवाणी चालला होता. ओरखडा नाही. पाय कसे, पांढरेफटक, पाण्यात आठवडाभर राहिल्यासारखे सुरकुतलेले.

आणि पायांशी खेकडे. शेकडो. सगळे वर, कड्याकडे पळत होते. खेकडा भरतीच्या पुढे पळतो, हे कोणाला शिकवावं लागत नाही.

"चला," सोबती म्हणाला, गोडच. "आईला पाणी पाजायचंय ना? ती वाट बघतेय."

काकाने आईचं नावसुद्धा काढलं नव्हतं!

गिऱ्हा! बुडून मेलेला, पाण्यातून सुटका नसलेला गिऱ्हा. त्याला आपल्या जागी कोणीतरी हवा असतो. काकाने कंदील त्याच्या तोंडावर फेकला आणि कड्याला भिडला. तेवढ्यात लाट आली, गुडघ्याला. दुसरी आली, कमरेला. आणि घोट्याला गार बोटं! एक, दोन, पाच. ओढतंय खाली. वरून मंजुळाबायने सोल टाकला, टोपली बांधायचा दोर, आणि ओढला. कपाळातून रक्त गळतंय, डोळ्यात जातंय, पण बाईने दोर सोडला नाही. काकाची एक वहाण गेली, टाचेचं कातडं गेलं, काका वर आला.

"दगड मारलास तो मारलास," ती म्हणाली. "आता पळ. मागे बघू नको."

काका सड्यावरून एका वहाणेने धावत घरी आला. आई होती! डोळे उघडे, दाराकडे. त्याने तांब्या घेतला, तुळशीचं पान घातलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं. पहिला घोट पाजला. तिचा चेहरा कसा निवला म्हणता! मग तिने विचारलं, "कोणाबरोबर आलास?"

"एकटाच आलो, आई."

"मग दारात कोण उभा आहे?"

काकाने वळून बघितलं नाही. ओटीवर पाणी ठिबकत होतं, टप, टप. घरातल्या सगळ्यांनी ऐकलं.

आजी म्हणाली, "रिकामा जायचा नाही तो. घेऊन जाणार कोणालातरी. पाज मला."

काकाचा हात थांबला. ज्याच्यासाठी घाटावरून धावत आला, तेच त्याला करवेना. आजचा दिवस तरी राहा म्हणाला. रडला हो, एवढा मोठा बाप्या. आजीने स्वतः त्याचं मनगट धरलं आणि तांब्या तोंडाला लावून घेतला. दुसरा घोट. तिसरा. मान कलली.

आणि ओटीवरून पावलं निघाली, अंगणातून समुद्राकडे. दोघांची वाजली. एकाची ओली, जड. एकाची हलकी, आजीची, डाव्या पायाने जरा लंगडत. काकाने ती आयुष्यभर ऐकलेली होती, तो चुकणार नाही.

बारावं उरकल्यावर काका नवं लुगडं घेऊन मंजुळाबायकडे गेला, पाया पडला. ती म्हणाली, "वा रे शहाण्या! माणसाला दगड मारतोस आणि गिऱ्ह्याला विडी देतोस." लुगडं मात्र ठेवून घेतलं.

तेव्हा पोरांनो, सड्यावरून जा. कोणी कितीही गोड बोलून खालची वाट दाखवली, तरी नाही म्हणा आणि चालू लागा. आमच्या काकाच्या बदली माझी आजी गेली. तुमच्या बदली कोण जाणार, ते आधी ठरवा आणि मग खाली उतरा.