ज्ञानूची पेज

…नाही, उठू नका, पडून राहा. जबडा तारांनी बांधलाय, बोलायचं नाहीये तुम्ही — सिस्टरांनी सांगितलंय मला. मीच बोलते. आई आज येणार नाही, ताप आहे तिला. मी रेश्मा, तिची मुलगी. अनीशची बहीण — हो, त्याच अनीशची. मान खाली घालू नका, नळी निसटते. खरं सांगू? मला वाटलं होतं, कुणीतरी आडदांड, लाल डोळ्यांचा माणूस असेल. आणि इथं हा एवढासा जीव, वडूजची घोंगडी गळ्यापर्यंत ओढून पडलेला. एवढा राग घेऊन जिना चढले — कुठे ठेवू तो आता?

मला स्टँडवरून आणायलाच निघाला होता अनीश. मी बेंगळूरहून येणार म्हणून. आणि समोरून तुमचा टेम्पो शिरवळहून येणारा, तुमचा डोळा लागलेला… जाऊ दे. तिकडे धर्मशास्त्र शिकले मी. क्षमेवर असं बोलले होते एकदा, की फादरांचे डोळे भरून आले. आणि इथं चर्चमध्ये अनीशच्या मिस्साला, प्रार्थनेत अपराध्यांना क्षमा करायची ओळ आली आणि माझं तोंडच मिटलं. आईचं नाही मिटलं. दुसऱ्याच दिवशी पेज घेऊन ती तुमच्याकडे. शेजारच्या गोदावरीकाकू फाटकातून ओरडल्या, "आवं, ज्यानं पोरगं मारलं त्याला पेज? खुळ्या का काय तुमी!" आई म्हणाली, "त्याची माणसं लांब हायत, बाई." बस, एवढंच. रडत नाही असं नाही — पेज ढवळतानाच रडते. म्हणून चाखून आणलीय, खारट झाली का बघायला. तुमची पेज मी चाखतेय — अनीश असता तर हसून लोळला असता…

काल म्हणाली, उद्या तू ने. मी म्हटलं, मरू दे उपाशी. हो, म्हटलं मी. ती भिंतीकडे तोंड करून पडली. आणि आज सकाळी बघते तर तापातच उठून, ओट्याला धरून तांदूळ धुतेय. घेतलं पातेलं तिच्या हातातून. तिथंच ठरवलं — तुमच्या तारा निघेपर्यंत पेज रोज मी आणायची. क्षमा म्हणाल तर — ती नाही आणलेली. ती आईची आहे, माझी अजून झालेली नाही. अहो, हात नका जोडू! इथं सगळे ज्ञानूभाऊ म्हणतात ना तुम्हाला? मी नाही म्हणणार. भाऊ मला एकच होता.

प्या आता, गार होतेय. — माझ्याकडे नको. तिकडे बघून प्या.