मागे बसणारं माणूस

(सन २०२२. पावसाळा नुकताच सरलेला. कसालला हायवेलगत चंदनचं मोटरसायकलचं गॅरेज. भर दुपार.)

चंदन : तीनदा गाडी आणलीसा अंकल, तीनदा 'झटके मारते' एवढंच सांगितलंसा. माणूस पडलंय हे आज कळतंय मला.

फॉस्टिन : पडली म्हणजे काय, जरा घसारली. चॅपेलच्या चढणीर.

कोन्सेसांव : जरा? माझो हात दीड म्हयनो पलास्टरात होतो, फॉस्टिन. चॅपेलातला रविवारचा मीस सुटलेला, आख्खी वाडी रस्त्यार उभी, आणि मी मधीच फ्रॉक सावरीत बसलेलंय. आणि ह्यो गेलो तो थेट तिठ्यापर्यंत! पाठीर बायल नाय ता ह्याका थंय कळला.

चंदन : काय ओ अंकल!

फॉस्टिन : अरे, कळाचा कसा? ही वजनान पिसासारखी.

कोन्सेसांव : मी 'रव, रव' करून बोंबलतंय. त्या सायलेन्सराच्या आवाजात ह्याका चॅपेलची घंटा ऐकाक येयना नाय, थंय माझी बोंब खंयची?

चंदन : आंटी, तुम्ही आधी बसा. पंख्याखाली बसा. बॅग खाली ठेवा.

कोन्सेसांव : खाली नको, तेल लागात. आणि माका बसूचा नाय. गोव्याची बस येतली. बससाठी म्हणान रिक्षा करून इलंय, तर ह्येणां पाठसून गाडी आणून रिक्षा हयसर थांबवल्यान. पाच मिनटां काम आसा म्हणता.

चंदन : गोव्याला म्हणजे लेकीकडं?

कोन्सेसांव : म्हापशाक, ग्लिनिसकडे. जातंय ती जातंय. परत येवचंय नाय.

फॉस्टिन : ता ती रागान बोलता.

कोन्सेसांव : राग होतो तेवा होतो. आता राग नाय. थंय नातवंडां आसत, दिवस जाता. हंय आमी दोघां टेबलार समोरासमोर बसतंव. मीठ दी, पाणी दी. तिसरो शब्द नाय. चौतीस वर्सां ह्येणां कुवेताक क्रेन चालयल्यान. गेल्या साली कायमचो घराक इलो, तर माका पावण्यासारखो दिसता. पावणो आठ दिसांचो बरो. जन्मभर कोण वाढीत बसतला?

चंदन : ते तुमचं तुम्ही बघा. मी गाडीपुरतं बोलतो. अंकल मला म्हणालेत, गाडी अशी करून दे की आंटी परत मागं बसली पाहिजे.

फॉस्टिन : तसा मी बोलूक नाय.

चंदन : परवाच बोललासा. ह्याच स्टुलावर बसून.

फॉस्टिन : तुमचे कोल्हापूरकार सगळे असेच. पोटात काय रवत नाय.

कोन्सेसांव : माका गाडयेचो भियां नाय रे. लग्नाच्या साली ह्येणां भावाचो राजदूत घेवन माका कुणकेश्वराच्या जत्रेक नेल्यान. रस्तो कसलो, नुसते खड्डे. पण दर वळणार इचारी, 'बसलंस मा गो?' वीस वळणां, वीसदा. मी म्हणी, बसलंय रे बाबा, खंय जातलंय! तेवा कधी पडूक नाय.

चंदन : तेच म्हणतोय मी. झटका पुढच्याला कळत नाही. त्याच्या हातात हँडल असतंय, पायात ब्रेक असतोय. कळतो तो मागच्याला, त्यात तुम्ही एका अंगानं बसणार. तुम्ही बसल्याशिवाय ह्या गाडीचा झटका मला कळायचा नाही. म्हणून मीच म्हटलं, आंटींना घेऊन या.

कोन्सेसांव : म्हणजे मी तुझो वजनकाटो.

चंदन : तसंच समजा की.

कोन्सेसांव : पण कंपनीन अशी झटक्याची गाडी इकल्यान कशी?

चंदन : कंपनीची गाडी झ्याक होती. अंकलनी मूळचा सायलेन्सर काढून ही पोकळ नळी बसवली. हवेचा फिल्टरबी उघडा टाकला. आता हवा भसाभस आत जाते आणि पेट्रोल मोजकंच. मूठ जराशी पिळली की गाडी आधी ठसकते आणि मग एकदम उडी मारते.

कोन्सेसांव : कोणाच्या सांगण्यार केलंस ह्या?

फॉस्टिन : ॲल्स्टनान सांगल्यान.

कोन्सेसांव : ऐकलंस, चंदन? ॲल्स्टन म्हणजे ह्याच्या भावाचो झील. वय वर्सां बावीस. तेका बायल नाय, तेच्या पाठीरसून पडतला कोण?

चंदन : मूळचा सायलेन्सर आज पोत्यात घालून आणलाय अंकलनी. अर्ध्या तासात लावतो. पण ते म्हणतात आवाज ठेव आणि झटके घालव. ते माझ्यानं व्हायचं नाही. करून देतो म्हणणारे आहेत, चार दिवस गाडी बरी चालंल, पुन्हा तेच.

फॉस्टिन : अरे, आवाज गेलो तर गाडयेत रवला काय? मगे स्कूटर काय वायट होती?

कोन्सेसांव : आवाज तुका कित्या व्हयो?

फॉस्टिन : व्हयो.

कोन्सेसांव : ह्या उत्तर नाय.

फॉस्टिन : सुट्टीर येय, म्हयनो रवय, जाय. मी कधी इलंय आणि कधी गेलंय, कोणाक कळा नाय. आता कायमचो इलंय. वाडयेक कळाक नको?

कोन्सेसांव : कळा नाय? तुझी टॅक्सी दारात लागली की अर्धी वाडी आमच्या खळ्यात. कोणाक निडोच्या दुधाचो डबो, कोणाक टँग, कोणाक अत्तराची बाटली. फादरसुद्धा दाढीची ब्लेडां घेवन गेले. आणि म्हणता कळा नाय!

फॉस्टिन : ती सामानाक येयत, कोन्से.

चंदन : आंटी, चहा सांगू?

कोन्सेसांव : नको. ...ता खरां आसा तेचा. सामानाकच येयत.

चंदन : मग अंकल, काय करायचं? लावू मूळचा?

फॉस्टिन : लाव.

चंदन : बघा हां. उद्या येऊन म्हणशीला, परत नळी बसव.

फॉस्टिन : लाव म्हटलां मरे! आणि ती नळी भंगारात घाल. ॲल्स्टनाक दिलंस तर तो परत माझ्या डोक्यात काय तरी घालतलो.

* * *

चंदन : झालं. सायलेन्सर मूळचा, फिल्टर मूळचा. मुठीची केबल ढिली होती, ती बेताची ओढून घेतली. मागच्या चाकातली रबरं परवाच बदलली होती. आणि हे मागं धरायला हँडल, ही बाजूची जाळी. फ्रॉक चाकात जाऊ नये म्हणून.

फॉस्टिन : जाळी? स्पोर्ट गाडयेक जाळी? आमी पेडवे मासे धरूक जातंव काय?

कोन्सेसांव : रवांदे ती.

फॉस्टिन : रवांदे. मी काय म्हटलंय?

कोन्सेसांव : बस खंय पावली काय?

चंदन : आता कणकवली सोडली असंल. अजून टाइम आहे. पहिला फेरा माझ्याबरोबर, त्या पेट्रोलपंपापर्यंत आणि परत. चला, बसा.

* * *

चंदन : उतरा सावकाश. कशी वाटली?

कोन्सेसांव : पेज भरलेली वाटी हातात घेवन बसलंय आसतंय तरी सांडली नसती. गाडी बरी केलंस रे.

चंदन : आता अंकल. घ्या.

कोन्सेसांव : ह्याच्या पाठीर नको.

चंदन : मग माझ्या कामाचा उपेग काय? तुम्ही काय माझ्या मागं बसून मिसाला जाणार हायसा?

फॉस्टिन : नको तर नको. तिका जबरदस्ती नको करू.

कोन्सेसांव : तू गप. ...पंपापर्यंत. पंपाकडसून परत. बॅग तुझ्याकडे रवांदे, चंदन.

* * *

फॉस्टिन : बसलंस?

कोन्सेसांव : बसलंय. निघ. ...आगो माझ्या सायबिणी! फॉस्टिन! गाडी सुधारली, तू सुधरूक नाय!

फॉस्टिन : हाताक तीच सवय लागली गो.

कोन्सेसांव : क्रेनाचो दांडो पण असोच ओढी होतंस?

फॉस्टिन : क्रेनाचा नाव काढू नको. चौतीस वर्सांत माझ्या हातान माल कधी हालूक नाय. अरबी साहेब म्हणा, फॉस्टिनाक बोलवा, काच उचलूची आसा.

कोन्सेसांव : तो कसो रे हाला नाय?

फॉस्टिन : दोरार टांगलेलो आसता ना. झटको दिलो की झुलता. खाली माणसां. दांडो ओढूचो नसता, नुसतो हात जड करूचो.

कोन्सेसांव : मगे आताय तसाच समज. पाठीर माल टांगलेलो आसा.

फॉस्टिन : बघ, हात जड केलंय.

कोन्सेसांव : हां. आता बरां.

फॉस्टिन : बरां?

कोन्सेसांव : बरां म्हटलां. पाठी बघू नको, फुड्यात बघ.

फॉस्टिन : तुझा बोलणा स्पष्ट ऐकाक येता गो.

कोन्सेसांव : माका तुझा. ...फॉस्टिन, खरांच पाठी बघू नको. तू बघलंस की माका बोलूक सुचना नाय.

फॉस्टिन : नाय बघीत.

कोन्सेसांव : चौतीस वर्सां मी तुझा तोंड न बघता तुझ्याशी बोललंय. आधी कॅसेटी भरून धाडय. न्हाणयेत टेपरेकॉर्डर घेवन बसय, तुझ्या आवशीक ऐकाक जाव नये म्हणान. मगे फोन इलो. आता तू समोर येवन बसतंस आणि माका वाटता, ह्यो कोण? ज्याका मी सगळां सांगी होतंय तो ह्यो न्हय.

फॉस्टिन : माका पण.

कोन्सेसांव : तुका पण काय?

फॉस्टिन : तुझ्या तोंडाकडे बघलां की वाटता, हिका कायतरी इचारूचा होता ता मी इचारूक नाय. मगे मी मीठ मागतंय.

कोन्सेसांव : आता इचार.

फॉस्टिन : काय इचारू?

कोन्सेसांव : ता पण मीच सांगू?

फॉस्टिन : ...मी गेलंय ना, सत्त्याऐंशीच्या जूनात. तेच्या दुसऱ्या दिसाक तू काय केलंस?

कोन्सेसांव : दुसऱ्या दिसाक?

फॉस्टिन : होय. माका एरपोर्टारसून ट्रकात घालून न्हेल्यानी, सगळीकडे रेव. मी म्हटलंय, आता ती घरात काय करी आसात? मगे सुट्टीर इलंय तेवा इचारूचा रवला. मगे रवलाच.

कोन्सेसांव : दुसऱ्या दिसाक तुझी चादर धुतलंय. पाऊस धो धो. सुकली नाय. माजघरात दोरयेर टाकलंय, तरी चार दिस ओलीच. आवस तुझी म्हणा, काढ ती, वास मारता. मी काढूक नाय. ग्लिनिस पोटात होती ता माका ठावक नव्हता. माका वाटला, ह्या मळमळता ता चादरीच्या वासान... पंप गेलो रे पाठी.

फॉस्टिन : जावंदे. सांग.

कोन्सेसांव : परत फिराक व्हया. बस...

फॉस्टिन : बस ती बघ. समोरसून येता.

कोन्सेसांव : दिसता माका.

फॉस्टिन : लगेच वळवलंय तर गॅरेजाकडे गाठतलंव. वळवू?

कोन्सेसांव : वळव. सावकाश वळव.

फॉस्टिन : सावकाश वळवलंय तर बस मेळाची नाय, कोन्से.

कोन्सेसांव : सावकाश म्हटलां ना. ...खंय होतंय मी? चादर.

* * *

चंदन : आंटी, ओळखलंसा काय? कसालचा चंदन.

कोन्सेसांव : कोल्हापूरकार! ये, भितर ये. अडीच-तीन वर्सां झाली, केस पिकले तुझे. कसालाक गेलंय होतंय, तुझा गॅरेज दिसूक नाय.

चंदन : जागेचा मालक बदलला. आता ओरोसला असतो. भक्तीनं, माझ्या बायकोनं, शेजारीच झेरॉक्सचं दुकान काढलंय. अंकलचं कळलं तेव्हा मी गावाकडं होतो. यायला जमलं नाही.

कोन्सेसांव : मार्च म्हयन्यात गेलो. हार्टाचा दुखणा. पंधरवडाभर दवाखान्यात होतो. बस, खुर्ची ओढून घे.

चंदन : गाडी दिसत नाही ती.

कोन्सेसांव : तोंडवलीच्या अनुजाक दिलंय. टुरिस्टांका बोटीत न्हेता ती. बरी चालयता. ॲल्स्टन मागी होतो, पण तो आता कुवेताक गेलो. कसली तरी पाइपाची कंपनी. ग्लिनिस म्हणता, मम्मी, आता तरी म्हापशाक ये. जातंय, आठ दिस रवतंय, येतंय.

चंदन : तुम्ही दोघं लई फिरायचासा बघा. कधी कणकवलीच्या बाजारात दिसायचासा, कधी आचऱ्याच्या रस्त्याला. अंकल पुढं गप्प आणि मागं तुमचं तोंड चालू. मी हात केला तरी लक्ष नाही.

कोन्सेसांव : तेका सगळां व्हया होता. सत्त्याऐंशीपासून, एक एक साल. पडवी कधी पडली, गाय कोणाक इकली, तेचो बापूस मेलो तेवा कोण कोण इले. मधी काय सोडलां तर इचारी, 'मगे दिवाळीत काय केलंस?' एका सालाक दोन-तीन म्हयने जायत. नव्वद सालाक, कुवेताच्या लढायेच्या, तर अख्खो पावसाळो पुरलो. तेवा तेची खबर नव्हती ना, ता सांगताना रडाक येय. तेवा तो इचारी नाय, गाडी चालयी नुसती.

चंदन : आणि दवाखान्यात?

कोन्सेसांव : थंय पण. म्हणा, खुर्ची उशाकडे घे, माका दिसा नये अशी. आणि सांग. नर्स चेडू माका म्हणा, आजी, असं मागे काय बसता, समोर बसा, त्यांना बरं वाटेल. तिका काय सांगतलंय? हसलंय नुसती.

चंदन : कुठवर आलं होतं, आंटी?

कोन्सेसांव : सत्त्याण्णव. ग्लिनिस शाळेच्या नाटकात झाड झालेली, थंयपर्यंत.