जागा आहे, या

दातांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक नवरा-बायको बसले होते.

“ताईंनाही या म्हणालात, मामांनाही या म्हणालात. पाहुण्यांची खोली एकच आहे.”

“अगं, ऑफिसात आम्ही कॉम्प्युटरची मेमरी अशीच वाटतो. जो प्रोग्राम मागेल त्याला हो म्हणायचं. सगळे काही एकदम वापरत नाहीत.”

“आणि एकदमच आले तर?”

“असं क्वचित होतं. पण त्याचीही सोय मीच करून ठेवलीय.”

“दोघंही रविवारी येताहेत. काय सोय आहे?”

“सगळ्यात जास्त जागा अडवणाऱ्याला सरळ बाहेर काढायचं. बाकीच्यांचं मग सुरळीत चालतं.”

“हे बरंय. अहो, सोफ्यावर दिवसभर आडवं कोण असतं?”

“मी. का गं?”

“काही नाही. शनिवारी तुमची बॅग भरून ठेवते.”