उभं मशीन

लसीसाठी लेकीला मांडीवर घेऊन दवाखान्यात बसले होते. शेजारी खोदाईच्या मशीनचा ड्रायव्हर होता, कुशीत खोकणारी पोर. त्याची बहीण अशा मशीनच्या धुराचा अंदाज काढायचं काम करते. इथेही त्याच्याजवळ बसून त्याच कामाचा फॉर्म भरत होती.

"दादा, तुझं मशीन रोज किती तास?"

"चार तास काम."

"आणि इंजिन चालू?"

"ते दिवसभर. पण उभ्या मशीनचं काय धरायचं?"

"तू झोपलास म्हणून घोरायचा थांबतोस का?"

"बरं, मग दहा लिही."

"बंद का करत नाहीस?"

"परत लवकर सुरू होत नाही गं."

"आणि ही शाळेतून आली की?"

"मशीनच्याच सावलीला बसते."

बहिणीचं पेन थांबलं. तोच पुढे म्हणाला,

"मागच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं होतं, हिला धूर लागतो का."

"मग?"

"नाही म्हणालो. उभ्या मशीनचा मी धरलाच नव्हता."